डोळे उघडणारा सत्यवान

"वहिनी, पात्रात राहा! पात्रात!"

हे वाक्य तो म्हणायचा आणि म्हणता म्हणताच खिडकीतून रस्त्यावरच्या कुणाला तरी दोन बोटं कपाळाला लावून सलाम ठोकायचा. माझ्या बायकोचा हात त्याच्या हातात, तिची मान मागं झुकलेली, आणि याची नजर बाहेर स्कूटरवरून चाललेल्या खताच्या दुकानदारावर. "नमस्कार! येतो उद्या दुकानात!" असं ओरडून तो परत तिच्याकडे वळायचा आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "बघा, तुमचं लक्ष विचलित झालं."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लग्नात जेवणाच्या पंगतीत भेटला असेल, दवाखान्याच्या बाकावर भेटला असेल. बोलतो तुमच्याशी आणि बघतो तुमच्या खांद्यावरून पलीकडे, तुमच्यापेक्षा कामाचा कुणी आलाय का म्हणून. फरक एवढाच की आमचा हा माणूस नाचायचासुद्धा.

हिंगोलीत आमच्या कॉलनीत तो विम्याचा एजंट म्हणून सगळ्यांना माहीत होता. तोंडावर एजंटसाहेब, पाठीमागं नुसता एजंट. अंगानं काटकुळा, केस काळेभोर रंगवलेले, आणि चालायचा टाचा उचलून, जणू रस्ता नुकताच पुसलाय. तरुणपणी काही महिने तो पुण्यात होता. तिथं तो बॅले शिकला असं तो सांगायचा. किती शिकला, कुणाकडे शिकला, हे विचारलं की म्हणायचा, "भाऊ, कला मोजायची नसते." मी मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, एका हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. ज्याला माल मोजून द्यायचा नसतो तो नेमकं असंच बोलतो, हे मला कामातून माहीत आहे.

बॅले म्हणजे काय, तर याच्या मते पार्टनरवरची श्रद्धा. "जगात फक्त दोन माणसं उरलीत असं समजायचं. प्रेक्षक नाही, मंडप नाही, काही नाही." वाक्य सुंदर. पण याच्या स्वतःच्या लक्षाचा हिशेब केला तर रुपयातले चार आणे पार्टनरवर आणि बारा आणे प्रेक्षकांवर असत. माणूस दिसला की त्याचं वय, त्याची पोरं आणि त्याचा रक्तदाब हे सगळं याच्या डोळ्यांत उमटायचं. रंगमंच त्याला सोयीचा वाटे, कारण तिथून सगळी गिऱ्हाइकं एकदम दिसतात.

एका वर्षी नवरात्रात तो रावण झाला होता. सीता होती कॉलनीतल्या एका शिक्षकाची सून. हा फुरफुरत आला, सीतेचा हात धरला, आणि तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी नगरसेवक उभे राहिलेले याला दिसले. रावणानं सीतेचा हात सोडला, दोन्ही हात जोडले, कमरेत वाकला आणि खुणेनंच विचारलं, "चहा घेतला का?" सीता बिचारी पळवून नेण्याची वाट बघत उभी. शेवटी ती स्वतःच विंगेत निघून गेली आणि रावण तिच्यामागून धावला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, सीतेनं रावण पळवला!"

दुसरा कुणी असता तर वर्षभर तोंड लपवून फिरला असता. हा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "लोकांना विनोदी अंग आवडलं."

अशा माणसाबरोबर माझ्या बायकोनं नाचायचं ठरवलं तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. "हाच का?"

"मंग कोण हाय दुसरा?" ती म्हणाली. "तुमी नाचता का?"

मला दोन पाय आहेत आणि ते चालायला आहेत, एवढंच मला ठाऊक. कॉलनीतल्या बाकीच्या नवऱ्यांचंही तेच. दुसऱ्याच्या बायकोबरोबर नाचायला कुणी तयार नाही आणि स्वतःच्या बायकोबरोबर तर त्याहून नाही. उरला हा. त्यानं नाटिकाही निवडून टाकली होती, सावित्री-सत्यवान. सावित्री माझी बायको, यम आमचा पिठाच्या गिरणीवाला, आणि सत्यवान हा. गिरणीवर दळण घेताना बायका मला विचारायच्या, "काय हो, वहिनींचा सत्यवान दुसराच का?" मी म्हणायचो, "मरायचं काम आहे, ते त्यालाच दिलंय."

पण बायकोनं हे सगळं का मनावर घेतलं होतं, ते मला माहीत होतं. तिचं माहेर कनेरगाव नाका या खेड्यातलं. सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नाचत होती. तिचे वडील, आबा, शेतातून तसेच आले, भरल्या सभेत स्टेजवर चढले, तिचं मनगट धरलं आणि घरी घेऊन गेले. तोंडाला पावडर, पायात चाळ. गाणं मागं वाजतच होतं. आमचं लग्न झालं त्या वर्षी तिनं मला हे एकदा सांगितलं, नंतर कधीच नाही.

या वेळी तिनं आबांना स्वतः फोन लावला. मी शेजारीच होतो.

"आबा, मी नवरात्रात नाचून राहिले. येता का बघायला?"

पलीकडं म्हातारा खाकरला.

"कोनासंगं?"

"कॉलनीतले एक हायेत. ते सत्यवान झाले."

"जावईबापू काय म्हन्तेत?"

"ते खुर्च्या मांडून राहिले."

मग म्हातारा म्हणाला, "येतो."

आबा येणार म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. ते शेवटपर्यंत बसतील, नाहीतर पुन्हा एकदा मधेच उठतील. मधेच उठले, तर ही जन्मात पुन्हा पायात चाळ बांधणार नाही, हे तिनं न सांगताही मला कळत होतं. आणि तिचं हे सगळं टांगलेलं होतं कुणाच्या हातावर, तर या एजंटाच्या.

तालमी आमच्याच पुढच्या खोलीत व्हायच्या. अरण्यातल्या प्रवेशात सत्यवानानं सावित्रीला दोन्ही हातांनी वर उचलायचं असं त्यानं बसवलं. मी म्हणालो, "एजंटसाहेब, तुम्ही अठ्ठावन्न किलो, ही बासष्ट. हे जमायचं कसं?"

"भाऊ, बॅलेमध्ये वजन नसतं. श्वास असतो."

श्वास घेऊन त्यानं तिला वितभर उचललं. तेवढ्यात फाटकातून गॅस एजन्सीवाला आत आला. याचा एक हात आपोआप कपाळाकडे गेला. उरलेला एक हात आणि बासष्ट किलो, याचं उत्तर काय येतं ते तुम्हीच काढा. तिचं कोपर फरशीवर आपटलं.

"अहो, धरायचं न्हाई तं उचलता काहून?" ती कळवळून म्हणाली.

"तुम्ही श्वास सोडलात, वहिनी."

मी त्याला त्या दिवशीच घराबाहेर काढणार होतो. तिनंच अडवलं. उचलणं मात्र रद्द झालं. त्याऐवजी सावित्री मागं झोकून देते आणि सत्यवान तिला पाठीशी हात देऊन सावरतो, एवढंच ठेवलं. त्यातही चार वेळा हात असे, पाचव्या वेळी नसे. ती मागं जाताना एक पाय आधीच घट्ट रोवून ठेवायला शिकली. श्रद्धा म्हणतात ती हीच असेल तर असेल.

त्याहून अवघड होतं त्याचं मरण. सत्यवान अर्ध्यातच मरतो आणि सावित्रीच्या मांडीवर डोकं ठेवून पडतो. मग यम येतो, सावित्री त्याच्याशी झगडते, आणि इतका वेळ मेलेल्या माणसानं मेलेलं राहायचं असतं. जगात याहून सोपी भूमिका नाही. याला ती जमेना. दर थोड्या वेळानं एक डोळा उघडायचा आणि खोलीत कोण कोण आलंय ते पाहून मिटायचा.

"एजंटसाहेब, मेलेलं माणूस बघतं का?" बायको विचारायची.

"मृतालासुद्धा स्टेजवर अस्तित्व असतं, वहिनी. मी तुम्हाला आधार देतोय."

गिरणीवाला यम गदा खाली ठेवून म्हणायचा, "मी नेऊ का याला खरंच?"

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिनं त्याला समोर बसवलं. चहा दिला आणि सांगितलं, "एकच मागते. उद्या माझे वडील येणार आहेत. लहानपणी त्यांनी मला नाचताना उठवून नेलं होतं. उद्या काही हसू झालं आणि ते उठून गेले, तर माझं नाचणं संपलं. उद्या कुणीही येऊ द्या, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. आणि मेल्यावर कुणाकडेच बघू नका."

त्यानं छातीवर हात ठेवला. "वहिनी, विमा उतरवला असं समजा."

मी मनात म्हणालो, उतरवताना सगळे असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप भरला. स्टेजची रुंदी अठरा फूट, ती मी स्वतः मोजून घेतली होती, कारण यमाचा पुठ्ठ्याचा रेडाच सहा फुटांचा होता. आबा पहिल्या रांगेत बसले. धोतर, पांढरी टोपी, काठी दोन गुडघ्यांच्या मधे. शेजारच्या चार खुर्च्या पाहुण्यांसाठी रिकाम्या होत्या. पाहुणे म्हणजे मोंढ्यातले एक बडे शेठ. त्यांच्याकडच्या सगळ्या हमालांचा एकत्र विमा मिळावा म्हणून एजंट दोन वर्षं त्यांच्या पायऱ्या झिजवत होता. शेठना बोलावण्याची कल्पनाही त्याचीच.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाहुणा वेळेवर येत नाही आणि तो आला की जे काही चालू असेल ते थांबतं. मग ते भजन असो की नाच. गाणं बंद, दिवे चालू, हार, शाल, नारळ, आणि मग "कार्यक्रम पुढे सुरू करू या." हार घालण्याचा मान सांस्कृतिक सचिवाचा, असा ठराव आमच्या मंडळात झालेला. सांस्कृतिक सचिव एजंट. ठरावही त्यानंच मांडलेला.

सुरुवात बरी झाली. अरण्यात तिनं झोकून दिलं, तेव्हा हात जागेवर होता. मी विंगेत उभा राहून सुटकेचा श्वास सोडला. सत्यवान लाकडं तोडता तोडता कोसळला, तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, यमानं प्रवेश केला. आबा जागचे हलले नव्हते. आणि नेमके त्याच वेळी शेठ आले.

गाणं तुटलं. दिवे भक्कन लागले. माईकवाला अध्यक्षांच्या खुणेनं सुरू झाला, "आपल्या कॉलनीचं भाग्य, की मान्यवर पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे! मी सांस्कृतिक सचिवांना विनंती करतो, त्यांनी पाहुण्यांचं स्वागत करावं!"

सांस्कृतिक सचिव मेलेले होते.

लोक हसायला लागले. यमानं सवयीनं मुकुट काढून शेठना नमस्कार केला. माझी बायको सत्यवानाचं डोकं मांडीवर घेऊन, मान खाली घालून बसून होती. तिचं बोट हललं नाही, पापणी हलली नाही. आणि मी पाहिलं, मेलेल्या सत्यवानाच्या उजव्या हाताची दोन बोटं फळीवरून सुटली आणि हळूहळू कपाळाकडे निघाली.

"सचिवसाहेब, या, या! शेठ उभे आहेत!"

तिनं ती दोन बोटं वाटेतच पकडली, दोन्ही हातांत घेतली आणि त्यावर कपाळ टेकून रडायला लागली. प्रेक्षकांना वाटलं, सावित्रीचा शोक. तिनं नखं रुतवली होती, हे मला नंतर कळलं.

"सचिवसाहेब!"

आबा उठून उभे राहिले. मी मनातल्या मनात म्हणालो, संपलं. म्हाताऱ्यानं काठी उचलली आणि ती माईकवाल्याकडे रोखली.

"ए माईकवाल्या! मेलेल्या मानसाला काहून उठवून राहिला रे? हार घालायचा तं तू घाल. माही लेक तिकडं रडून राहिली, दिसत न्हाई का तुला? बसा खाली समदे!"

शेठ स्वतःच ओशाळून पटकन खुर्चीवर बसले, हाराशिवाय. आबाही बसले, काठी पुन्हा गुडघ्यांच्या मधे. दिवे गेले, गाणं यमाच्या प्रवेशापासून पुन्हा लागलं, यमानं मुकुट चढवला.

सत्यवान त्यानंतर हलला नाही. एकदाही डोळा उघडला नाही. मी विंगेतून त्याच्यावरच नजर ठेवून होतो. तुम्ही म्हणाल, शेवटी शब्द पाळला. मी म्हणेन, नखं होती आणि काठी होती. थोड्या वेळानं शेठचा फोन वाजला आणि ते आपली माणसं घेऊन निघून गेले. पहिल्या रांगेत आबा एकटेच राहिले. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा सत्यवानाच्या भुवया जरा ताणल्या गेल्या, एवढंच.

यमानं वर दिला. ढोल वाजला. या ढोलावर सत्यवानानं उठायचं होतं.

तो उठला नाही.

ढोल पुढं गेला. तिनं त्याच्याभोवती एक फेरी घेतली, जणू नाचातच होती. तो पडलेलाच. आयुष्यात एकदा मेलेला राहिला, तर जिवंत व्हायचं विसरला. वय चौपन्न आणि रक्तदाबाची गोळी, हे मला आठवलं आणि खरंच भीती वाटली. ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या मानेखाली हात घातला आणि त्याला उठतं केलं. त्यानं डोळे उघडले. यमाच्या दारातून परत आलेल्या सत्यवानाचे पहिले शब्द होते, "शेठ गेले का?"

सावित्रीनं जन्मोजन्मीच्या प्रेमानं त्याच्याकडे पाहून हसत सांगितलं, "कवाच गेले. आता उठा."

त्यानंतरचा नाच मी कसा सांगू? नाचातलं मला कळत नाही. तो तिच्याकडे बघत होता, एवढं नक्की. ती झोकून देत होती आणि हात तिथं होता, दर वेळी होता. तिनं पाय रोवणं सोडून दिलं होतं, हे मला विंगेतून दिसलं. आता मंडपात बघण्यासारखं गिऱ्हाईक उरलं नव्हतं म्हणून हे झालं, असं माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे आणि ती ते मला सांगत नाही.

आबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पडदा पडल्यावर ते बसूनच राहिले. मी खुर्च्या गोळा करत जवळ गेलो, तेव्हा म्हणाले, "पानी द्या तिला. दमली आसंल."

पुढचे कित्येक महिने एजंटानं ही कथा गावभर विकली. "पात्रात राहण्यासाठी मी काय सोडलं, विचारा! समोर शेठ उभे, हातात हार, पण कलावंत हलला नाही!" दर वेळी शेठ आणखी मोठे होत गेले. बोटांवरच्या नखांच्या खुणा तो 'बॅलेतली दुखापत' म्हणून दाखवायचा. हमालांचा विमा दुसऱ्याच एका एजंटाला गेला, हे मात्र खरं. मोंढ्यात होतो, म्हणून मला कळलं.

एके दिवशी तो अडतीवर आला. हळदीच्या पोत्यांच्या आड मला बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"भाऊ, एक विचारायचं होतं. वहिनींचे वडील शेवटपर्यंत बसले होते ना? माझे डोळे मिटलेले होते. मला दिसलं नाही."

"बसले होते."

"तो अखेरचा नाच त्यांनी पाहिला?"

"सगळा पाहिला."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पोत्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मला त्याच्याबद्दल काहीतरी बरं वाटणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, "वहिनींना भाऊ किती? विमा कुणाकडे आहे त्यांचा?"

पुढं त्याच्या पोरानं त्याला नांदेडला नेलं. जाताना कॉलनीत घरोघरी हिंडून नव्या पत्त्याची कार्डं वाटली, आमच्याकडे दोन. या वर्षी नवरात्रात जोडीचा नाच झालाच नाही. बायको घरात मात्र नाचते. टीपॉय भिंतीला लावते आणि तोच अखेरचा भाग करते. एक हात पुढं करून, अंगाशेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवून.

परवा आबा बाजाराला आले होते, ते जेवायला थांबले. तिचं चाललंच होतं. म्हातारा खाटेवर बसून तिच्याकडे आणि त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "अन् तो मेलेला कुठं गेला?"

"नांदेडला गेला, मामा."

"आस्सं," आबा म्हणाले. "पन बराबर मेला व्हता."

आबांच्या तोंडून कुणाबद्दल एवढं चांगलं मी पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही. एजंटाला मी हे अजून कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. कळवलं, तर तो ते कार्डावर छापून घेईल.